लहान मुलाला नाटकाला नेताना: प्रयोग निवडण्यापासून घरी परतेपर्यंत

नाटक सुरू झाल्यावर मुलाला गप्प कसे बसवायचे, असे पालक मला नेहमी विचारतात, आणि दर वेळी मला हेच सांगावे लागते की याचे उत्तर नाट्यगृहात मिळत नाही, ते दोन दिवस आधी घरात तयार करावे लागते. गोव्यातल्या आमच्या गावच्या उत्सवी नाटकांत मी बरीच वर्षे विंगेत प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नटांना विसरलेले संवाद सुचवायला, बसतो. तिथून रंगमंच दिसतो तसाच पुढच्या चार रांगांतला प्रेक्षकही दिसतो, आणि कोणते मूल रडणार हे बहुतेक वेळा पडदा उघडण्याआधीच ओळखता येते. जे उपाशी आले आहे, ज्याची दुपारची झोप झालेली नाही, आपण कुठे आलो आहोत हे ज्याला कोणीच सांगितलेले नाही, आणि ज्याला हौसेने अगदी पहिल्या रांगेत कर्ण्याच्या तोंडाशी बसवले आहे, ते मूल पहिल्या प्रवेशातच उठते. या चारही गोष्टी मोठ्यांच्या हातातल्या आहेत.

पुढचे टप्पे साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण बहुतेक पालक टप्पे गाळत नाहीत, ते उलटे करतात: आधी तिकिटे काढतात, मग मूल तयार आहे का ते पाहू लागतात.

## टप्पा १: मूल तयार आहे का, हे आधी पाहा

वय हा ढोबळ अंदाज आहे. माझ्या अनुभवात तीन वर्षांखालच्या मुलाला बंदिस्त नाट्यगृहात नेऊ नये. चार-पाच वर्षांच्या मुलाला तासाभराचे बालनाट्य झेपते. सहा-सात वर्षांचे मूल मध्यंतर असलेले दीड-दोन तासांचे नाटक पाहू शकते. अडीच तासांचे दोन अंकी कौटुंबिक नाटक आठव्या वर्षाच्या आधी दाखवण्याची घाई नको. मात्र एकाच वयाची दोन मुले अगदी वेगळी असू शकतात, म्हणून घरी दोन साध्या चाचण्या घ्या.

पहिली चाचणी ऐकण्याची आहे. चित्रांचे पुस्तक किंवा मोबाईल हाती न घेता, नुसत्या आवाजात वीस मिनिटांची गोष्ट सांगा. मध्येच प्रश्न विचारले तर हरकत नाही, उलट ते चांगलेच. पण मूल उठून दुसऱ्या खोलीत गेले, तर काही महिने थांबा. दूरदर्शनसमोर तासभर बसणारे मूल नाटकालाही तासभर बसेल हा अंदाज हमखास चुकतो. पडद्यावरचे चित्र क्षणाक्षणाला बदलत असते आणि रंगमंचावर दोन माणसे दहा मिनिटे उभी राहून बोलतात.

दुसरी चाचणी अंधाराची. रात्री खोलीतला दिवा घालवून, मुलाचा हात धरून, सावकाश दहापर्यंत मोजा. दहा होण्याआधी मूल बिलगून रडू लागले, तर या अंधाराची सवय खेळातून करून घ्यावी लागेल. ती कशी, ते चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा २: प्रयोग निवडा, नाव ऐकून नव्हे तर चौकशी करून

गोव्यात मुलाला नेता येतील असे प्रयोग अनेक तऱ्हांचे असतात आणि प्रत्येकाची अडचण निराळी असते. पणजीची कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर, मडगावचे रवींद्र भवन, म्हापशाचे हनुमान नाट्यगृह अशा ठिकाणी मुंबई-पुण्याहून येणारी व्यावसायिक नाटके होतात, सुटीत बालनाट्येही होतात. पहिल्या अनुभवासाठी बालनाट्यच घ्या. तिथे बाकीची मुलेही बोलत-हसत असतात, त्यामुळे तुमच्या मुलाचे एखादे मोठ्याने काढलेले वाक्य कोणाला खटकत नाही.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचे प्रयोग लहान मुलासाठी टाळावेत. ही नाटके बहुधा प्रौढ विषयांची असतात, परीक्षक सभागृहात बसलेले असतात, आणि कलाकारांनी महिनोन्महिने तालमी केलेल्या असतात. एका रडण्याने त्यांचा अख्खा प्रवेश सांडू शकतो. नातलग काम करतो आहे म्हणून मुलाला घेऊन जाण्याचा मोह होतो, पण त्याचे काम मुलाला रंगीत तालमीत दाखवा. तिथे मूल उठले तरी कोणाचे नुकसान नाही.

तियात्राला, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोकणी नाटकाला, नेणार असाल तर वाद्यवृंदाच्या आवाजाचा विचार आधी करा. ट्रम्पेट आणि ड्रम प्रत्यक्ष वाजत असतात. मात्र मध्ये मध्ये येणाऱ्या कांतारांमुळे, म्हणजे गाण्यांमुळे, कथानकाचा धागा सुटलेले मूलही पुन्हा लक्ष देऊ लागते, हा त्याचा फायदा आहे. देवळासमोरचे उत्सवी नाटक आणि दशावतारी काला (जत्रेत रात्रभर चालणारे पौराणिक लोकनाट्य) यांचे गणित पूर्ण वेगळे असल्याने त्यांना मी शेवटी स्वतंत्र जागा दिली आहे.

प्रयोग ठरवण्याआधी आयोजकांना किंवा तिकीट खिडकीवर हे प्रश्न विचारा:

- प्रयोग एकूण किती वेळाचा आहे आणि मध्यंतर केव्हा होते?
- बंदुकीचा आवाज, स्फोट, धूर किंवा अचानक लुकलुकणारे दिवे आहेत का?
- रंगमंचावर कोणी मरते, कोणाला मारहाण होते का?
- पात्रे प्रेक्षकांतून येतात का?
- लहान मुलांना प्रवेश आहे का, आणि कितव्या वर्षापासून वेगळे तिकीट लागते?

शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत आणि दारात अडतात. काही निर्माते जाहिरातीतच लहान मुलांना प्रवेश नसल्याचे छापतात. तिथे दारावरच्या माणसाशी वाद घालून आत शिरणे हे त्या मुलावरही अन्याय करणारे आहे, कारण ते नाटक त्याच्यासाठी नाहीच.

सावध: पात्रे प्रेक्षकांतून येण्याची युक्ती मोठ्यांना आवडते. पाच वर्षांच्या मुलाच्या मागून अंधारात मुखवटा घातलेला माणूस ओरडत आला, तर त्या मुलाचे नाटक तिथेच संपते.

## टप्पा ३: जागा निवडताना पहिली रांग सोडा

मुलाला नीट दिसावे म्हणून पहिली रांग घेणे ही सर्वांत मोठी चूक. रंगमंच उंच असतो, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या मुलाला मान वर करून बसावे लागते, पात्रांचे पाय आधी दिसतात, आवाज थेट अंगावर येतो, आणि बाहेर पडायचे झाल्यास सगळ्या सभागृहासमोरून जावे लागते.

मध्यापासून थोडे मागे, रांगेच्या टोकाच्या, म्हणजे मार्गिकेला लागून असलेल्या खुर्च्या घ्या, आणि शक्यतो बाहेर जायच्या दाराच्या बाजूच्या. ध्वनिक्षेपक सहसा रंगमंचाच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे त्यांच्या समोरची सरळ रेषा टाळा. बाल्कनीत कठडा असतो आणि मूल त्यावर चढायला पाहते. तिथे तुमचे अर्धे लक्ष कठड्यावर जाईल.

एक गोष्ट प्रत्यक्ष घडेपर्यंत लक्षात येत नाही. नाट्यगृहातल्या खुर्च्यांची बैठक आपोआप वर मिटणारी असते. मूल हलके असले की त्याच्या वजनाने ती खाली राहत नाही, मूल मध्ये दुमडले जाते आणि पाय अडकून घाबरते. यासाठी बैठकीच्या मागच्या टोकाला, पाठीच्या बाजूला, तुमची भरलेली पिशवी किंवा घडी केलेली चादर ठेवा आणि मुलाला पुढे बसवा. वजन वाढते आणि उंचीही मिळते. उशी आणलीत तर घट्ट आणा. मऊ उशीवर मूल घसरत राहते.

## टप्पा ४: घरातली तालीम

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. इथे केलेले काम नाट्यगृहात दहापट परत मिळते, आणि हाच टप्पा सर्वाधिक गाळला जातो.

गोष्ट शेवटासह सांगा. मोठ्यांना वाटते की शेवट सांगितला तर मजा जाईल. लहान मुलाचे तसे नसते. एकच गोष्ट ते शंभरदा ऐकते आणि शंभराव्यांदाही तितकेच खूश होते, कारण पुढे काय होणार हे माहीत असणे हाच त्याचा आधार असतो. दोन दिवस आधी संपूर्ण कथानक सांगा, पात्रांची नावे सांगा, दुष्ट कोण आणि त्याचे शेवटी काय होते तेही सांगा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मुलालाच ती गोष्ट सांगायला लावा. ज्या ठिकाणी ते अडेल, तो प्रवेश त्याला रंगमंचावरही समजणार नाही, म्हणून तेवढा भाग पुन्हा सांगा.

नाटक म्हणजे काय, ते दाखवा. बाबा टोपी घालून राजा होतो, टोपी काढली की पुन्हा बाबा. हा खेळ तीन-चार वेळा, मुलाच्या डोळ्यांसमोर टोपी घालत-काढत खेळा. मग मुलाला टोपी द्या. राक्षस मेला की तो आडवा पडतो, आणि नाटक संपल्यावर उठून सगळ्यांसोबत नमस्कार करतो, हेही करून दाखवा. ‘खोटे आहे, घाबरू नको’ असे नुसते म्हणून भागत नाही, कारण रंगमंचावरचा माणूस खोटा नसतोच. तो खरा माणूस असतो, जवळ असतो, मोठ्याने ओरडत असतो. मुलाला हवी असते ती खूणगाठ: तो आत गेला की टोपी काढतो.

पडदा आणि अंधार खेळा. दोन खुर्च्यांना चादर बांधा, बॅटरीचा झोत टाका, नाट्यगृहात होते तशी पितळी घंटी तीनदा वाजवा. तिसऱ्या घंटेला दिवा घालवा, चादर सरकवा, झोत पाडा. दोन प्रवेशांच्या मध्ये बॅटरी बंद करून मुलालाच अंधारात एखादा पाट उचलून हलवायला सांगा. मग त्याला कळते की अंधार झाला की आत माणसे सामान हलवत असतात. दुसऱ्या चाचणीत अंधाराला घाबरलेल्या मुलाची भीती बहुधा या एका खेळाने जाते, कारण आता अंधारात काय चालले आहे ते त्याला माहीत असते.

भाषेची तयारी करा. हा मुद्दा आपल्या गोव्याचा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत मूल कोकणी बोलते आणि मराठी शाळेतून, कीर्तनातून किंवा आजीच्या पोथीतून ऐकते. ‘खंय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘कुठे’ कळते, पण पौराणिक नाटकातले ‘आज्ञा’, ‘दासी’, ‘स्वामी’, ‘कपट’, ‘शाप’ हे शब्द त्याने कधी ऐकलेलेच नसतात. मूल नाटकात चुळबुळ करते ते कंटाळ्याने, असे आपण म्हणतो. अनेकदा ते न समजल्याने असते. कथानक सांगताना असे दहा-बारा शब्द मुद्दाम वापरा, आणि त्याआधी आठवडाभर घरातच ‘महाराज, जेवण तयार आहे’ अशी भाषा खेळात आणा. गोष्ट पहिल्यांदा कोकणीत आणि दुसऱ्यांदा मराठीत सांगितली तर आणखी चांगले.

कुजबूज शिकवा. हळू बोल, एवढे सांगून मुलाला हळू म्हणजे किती ते कळत नाही. त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायला सांगा. बोलताना गळा थरथरला नाही, तर ती कुजबूज. त्यासोबत एक खूण ठरवा: प्रश्न असेल तर माझा हात दाबायचा, मी कान जवळ आणीन.

तपासा: निघण्याच्या दिवशी सकाळी मुलाला चार गोष्टी विचारा. आपण कुठे जाणार, गोष्टीत काय होते, अंधार झाला की काय चाललेले असते, आणि भीती वाटली तर काय करायचे. चौथ्याचे उत्तर ‘हात दाबायचा, आपण बाहेर जाऊ’ असे हवे. बाहेर जाता येते हे ठाऊक असलेले मूल अधिक वेळ आत टिकते.

## टप्पा ५: प्रयोगाचा दिवस

संध्याकाळचा प्रयोग असेल तर दुपारची झोप काहीही झाले तरी चुकवू नका. त्या दिवशी वाढदिवस, समुद्रकिनारा किंवा खरेदी यांपैकी काहीही जोडू नका. पणजीला जाणार असाल तर तासभर आधी पोचून कांपालच्या बागेत मुलाला मनसोक्त धावू द्या. धावून आलेले मूल बसायला तयार असते. गाडीत तासभर बसून थेट खुर्चीवर आलेले मूल नसते.

प्रयोगाच्या दीड तास आधी पोटभर पण हलके जेवण द्या. शीतपेय नको, कारण गोड पेयाने तहान वाढते आणि वीस मिनिटांत लघवीला जावे लागते. सभागृहात सहसा खायला परवानगी नसते, त्यामुळे मध्यंतरासाठी केळे किंवा चपातीचा रोल डब्यात न्या. वेफर्सच्या पाकिटाचा आवाज शांत प्रवेशात सहा रांगांपर्यंत जातो.

कपड्यांबाबत तीन गोष्टी पाहा. वातानुकूलित सभागृह तासाभरात गार होते, म्हणून स्वेटर आणि मोजे हवेतच, मग बाहेर मे महिना असला तरी. चालताना दिवे लागणारे बूट आणि चूंचूं वाजणारे बूट घरी ठेवा. पैंजण काढून ठेवा; घुंगराचे पैंजण घातलेली मुलगी पाय हलवते तेव्हा तिचा काही दोष नसतो, पण सबंध रांग वळून पाहते आणि ती ओशाळी होते.

पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, कपड्यांचा एक जोड, कानांवर घालायचे आवाजरोधक (मूल आवाजाला दचकणारे असेल तर) आणि मुलाची एक ओळखीची वस्तू, म्हणजे बाहुली किंवा शाल, एवढेच असावे. आवाज करणारे खेळणे नको.

आणि घरातून निघण्यापूर्वी ठरवा: मूल रडले तर कोण बाहेर जाणार. हे न ठरवता गेलेले जोडपे अंधारात एकमेकांकडे पाहत बसते आणि तेवढ्यात मूल सभागृह डोक्यावर घेते. बहुतेक घरांत न बोलताच हे काम आईवर येते. मला वाटते, मध्यंतरापर्यंत एकाने आणि नंतर दुसऱ्याने ही जबाबदारी घ्यावी, म्हणजे दोघांनाही अर्धे नाटक तरी स्वस्थपणे पाहता येते.

## टप्पा ६: नाट्यगृहात पोचल्यावर

अर्धा तास आधी पोचा, त्याहून आधी आत बसू नका. क्रम असा ठेवा: प्रथम स्वच्छतागृह, मग बाहेर जायचे दार, मग खुर्ची. दार मुलाला हात लावून दाखवा आणि ‘लागलेच तर इथून जाऊ’ असे सांगा. आत दिवे लागलेले असताना रंगमंचाकडे जाऊन पडदा जवळून पाहू द्या, पण त्याला स्पर्श करू देऊ नका.

पहिल्या घंटेला पुन्हा एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणा, मूल ‘नाही लागली’ म्हणाले तरी. दुसऱ्या घंटेला खुर्चीत बसा, पिशवी मागे लावा, स्वतःचा मोबाईल बंद करा. थरथरीवर ठेवलेला मोबाईलही उजळतो आणि मुलाचे लक्ष सर्वांत आधी तिकडे जाते. तिसऱ्या घंटेच्या आधी कानात सांगा: ‘आता अंधार होणार, आपण दहा मोजू.’

सावध: सभागृहात शांत बसावे म्हणून मुलाच्या हाती मोबाईल देऊ नये. मागच्या सगळ्या रांगांच्या डोळ्यांत तो उजेड जातो, आणि मुलाला नाटक पाहायची गरजच उरत नाही.

## टप्पा ७: पडदा उघडल्यावर

पहिली दहा मिनिटे मुलाकडे पाहा, रंगमंचाकडे नव्हे. खांदे ताठ, तोंड उघडे, हात तुमच्या हातात घट्ट, एवढे असेल तर ते गुंतले आहे; त्याला काही सांगू नका. डोळे मिटणे, कान झाकणे, मांडीत तोंड खुपसणे हे भीतीचे लक्षण आहे. अशा वेळी मांडीवर घ्या, पाठीवर हात ठेवा आणि घरच्या तालमीतले वाक्य कानात सांगा: ‘आत गेला की टोपी काढणार.’ मोठा आवाज येणार हे तुम्हाला आधी कळले, तर तुमच्या तळव्यांनी त्याचे कान झाका.

समजावून सांगण्याची घाई ही प्रेमळ पालकांची चूक आहे. प्रत्येक प्रवेशात ‘बघ, तो राजा, बघ, आता ती येणार’ असे चालू राहिले की मूल नाटक पाहायचे सोडून तुमच्याकडे वळते. हात दाबला तरच बोला, एका वाक्यात बोला, आणि लांब प्रश्नाला ‘मध्यंतरात सांगतो’ एवढेच उत्तर द्या. मग मध्यंतरात तो प्रश्न तुम्हीच आठवणीने काढा. शब्द पाळला नाही, तर पुढच्या वेळी ते मूल थांबणार नाही.

मूल मोठ्याने एखादे वाक्य बोलले, तर गडबडून जाऊ नका. नटांना अशा वाक्यांची सवय असते. पण रडणे सुरू झाले, तर पहिल्या हुंदक्यालाच उठा. ‘थांब, आता गप्प होईल’ या एका मिनिटात मूल आणखी घाबरते आणि आसपासच्या पन्नास माणसांचा प्रवेश जातो. आमिष, दटावणी, समजूत, सगळे दाराबाहेर. जाताना मोबाईलचा झोत पेटवू नका. रांगेच्या टोकाची खुर्ची आपण याचसाठी घेतली होती.

बाहेर पाणी द्या, तोंड पुसा, पाच मिनिटे चाला, आणि मगच विचारा की आत जायचे का. ‘नाही’ म्हणाले तर ते मान्य करा. ‘हो’ म्हणाले तर प्रवेश बदलण्याची वाट पाहून आत शिरा, दाराजवळ मागे उभे राहा आणि मागच्याच रिकाम्या खुर्च्यांवर बसा. आपली मूळ जागा गाठण्यासाठी अंधारात पायऱ्या उतरू नका.

तपासा: मूल तिसऱ्यांदा बाहेर आले असेल तर घरी जा. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी बसवून ठेवलेले मूल पुढच्या नाटकाच्या नावानेच रडते.

## टप्पा ८: मध्यंतर

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि स्वच्छतागृहाची रांग त्याहून मोठी. म्हणून आधी रांग, मग खाणे, मग राहिलेला प्रश्न. बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहून घंटा होण्याची वेळ आणू नका. मूल पेंगत असेल तर मध्यंतर ही परतण्याची उत्तम वेळ आहे. अर्धे नाटक आनंदाने पाहिलेले मूल ‘पुढे काय झाले’ असे विचारत घरी जाते, आणि गोष्ट तुम्हाला ठाऊकच असते.

## टप्पा ९: देवळासमोरचे नाटक आणि दशावतारी काला

जत्रेच्या किंवा उत्सवाच्या नाटकाला तिकीट नसते, दार नसते, त्यामुळे इथे तयारी लागत नाही असे वाटते. मुले सर्वांत जास्त घाबरतात ती इथेच.

प्रथम वेळ. पत्रिकेत रात्रीचे दहा लिहिलेले असले, तरी पालखी, भाषणे आणि सत्कार आटोपेपर्यंत अकरा वाजून जाऊ शकतात. मंडळातल्या ओळखीच्या माणसाला नाटक प्रत्यक्ष केव्हा उभे राहील ते विचारा आणि मुलाला संध्याकाळी झोपवून, त्या वेळेला उठवून आणा. डिसेंबर-जानेवारीत रात्री दंव पडते. कानटोपी आणि शाल हवी. कर्णे मंडपाच्या खांबांना बांधलेले असतात, त्यामुळे खांबाजवळ बसू नका.

गर्दीसाठी मुलाच्या खिशात तुमचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर दीपस्तंभाखाली उभे राहायचे, हे उजेड असतानाच तिथे नेऊन दाखवा. खेळण्यांचे आणि खाज्याचे दुकान नाटकाच्या आधी उरका. नाही तर मूल पूर्ण वेळ फुग्याकडे पाहत राहते. घेतलेली शिट्टी मात्र घरी पोचेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या.

दशावतारी काल्यात मुलाला काय दाखवावे, याबाबत माझे मत पक्के आहे: सुरुवातीचा आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, दाखवा आणि घरी या. गणपती येतो, सरस्वती येते, मग संकासुर हा असुर. पुढचे आख्यान पहाटेपर्यंत चालते, ते मोठ्या मुलांसाठी ठेवा. संकासुर खरे तर हसवणारा, आपल्याच बोलीत प्रश्नोत्तरे करणारा. पण त्याचा काळा वेश आणि लोंबणारी जीभ मुलाला आधी दिसते, त्याचे विनोद नंतर कळतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी तिला काहीही न सांगता समोर बसवले आणि ती इतकी घाबरली की पुढचे दीड वर्ष मृदंगाचा आवाज आला तरी कानांवर हात ठेवत असे. चूक माझी होती. पुढच्या खेपेला संध्याकाळीच तिला घेऊन देवळाच्या अग्रशाळेत (उतरायच्या जागेत) गेलो, जिथे कलाकार रंग लावत बसले होते. परवानगी विचारून आम्ही दाराशी उभे राहिलो. संकासुराचे काम करणाऱ्या गृहस्थांनी काळा मुखवटा आधी हातात धरून दाखवला, मग घातला, मग काढला आणि तिला नाव विचारले. त्या रात्री तो रंगमंचावर आला तेव्हा ती मोठ्याने त्याच्याशी बोलत होती.

म्हणून उत्सवी नाटकाच्या आधी रंगपटात, म्हणजे कलाकार रंग लावतात तिथे, पाच मिनिटे डोकावणे ही चैन नव्हे, तो या टप्प्याचा मुख्य भाग आहे. मात्र आधी विचारा, कोणत्याही वस्तूला हात लावू देऊ नका, आणि रंग लावणाऱ्या माणसाशी त्याने स्वतः बोलायला सुरुवात केल्याशिवाय बोलू नका.

## टप्पा १०: परत येणे आणि दुसरा दिवस

नाटक संपले की लगेच उठू नका. सगळी पात्रे एकत्र येऊन नमस्कार करतात तो क्षण मुलासाठी गोष्टीचा खरा शेवट आहे: मेलेला राक्षस उठला, राजाशेजारी उभा राहिला. गर्दी ओसरल्यावर बाहेर पडा.

आपल्याकडे आडगावांत रात्री बसगाड्या लवकर बंद होतात, त्यामुळे परतीची सोय जाण्याआधीच नक्की करा. दुचाकीवरून जाणार असाल, तर झोपेला आलेले मूल हा मोठा धोका आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा वापरणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न नेणे हे १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. त्याहून मोठे मूलही मागे पेंगून घसरू शकते. रात्रीच्या प्रयोगासाठी त्यामुळे शेजाऱ्यांसोबत मोटार ठरवा किंवा दुपारचा प्रयोग निवडा.

घरी येताना ‘काय शिकलास’ असे विचारू नका. ‘तुला कोण आवडले’ हेही त्याच रात्री नको. दुसऱ्या दिवशी चादर आणि टोपी पुन्हा बाहेर काढून ठेवा, आणि मूल त्यांतून काय करते ते लांबून पाहा. जो प्रवेश ते पुन्हा पुन्हा करते, तो त्याला आवडलेला असतो किंवा त्याची भीती अजून गेलेली नसते. झोपताना दिवा घालवू देत नसेल, एखाद्या पात्राचे नाव काढून बिलगत असेल, तर ते पात्र तुम्ही करा, आणि टोपी काढायचे काम मुलाला द्या. पुढच्या नाटकाचे तिकीट हा खेळ थांबल्यानंतर काढा.